हवेला जायला वाट

सिमेंटमधल्या कार्बनचा हिशेब या आठवड्यात मांडायचा होता. तो पुढे ढकलतो, कारण ठाण्याहून आलेल्या एका पत्रातला प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. सातव्या मजल्यावरचं घर, सगळ्या खिडक्या एकाच बाजूला, त्याही पश्चिमेला. गेल्या लेखात सांगितल्याप्रमाणे खिडक्यांना बाहेरून चिकाचे पडदे लावले, भिंत तापणं कमी झालं, पण कोंदटपणा तसाच. खिडकी मोठी करून घेऊ का, असं पत्र लिहिणाऱ्या बाई विचारतात.

माझं उत्तर आहे, खिडकीला हात लावू नका. अडचण हवा आत येण्याची कमी आणि बाहेर जाण्याची जास्त आहे. वारा ज्या भिंतीवर येतो तिथे दाब वाढतो, पलीकडच्या बाजूला घटतो. या फरकामुळे हवा घरातून आरपार जाते. पलीकडची बाजू बंद असली की आतला दाब बाहेरच्याइतका होतो आणि वारा खिडकीसमोरून निघून जातो. बाटलीच्या तोंडाशी कितीही फुंकर मारली तरी ती तळापर्यंत जात नाही, तसंच. एकाच बाजूला खिडक्या असतील तर छताच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीचपट अंतरापर्यंतच हवा खेळते, असा वास्तुरचनेतला ठोकताळा आहे. समोरासमोर खिडक्या असतील तर तेच अंतर पाचपटीपर्यंत जातं. म्हणजे 9 फुटी छताखाली एकीकडे 18-22 फूट आणि दुसरीकडे 45 फूट. मध्ये एक बंद दार आलं की दोन्ही हिशेब तिथेच संपतात.

मुंबईत हा पेच जास्त अवघड आहे. समुद्राचा वारा पश्चिमेचा, दुपारचं ऊनही पश्चिमेचं आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा ठेवून तो सोडवला होता. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी तोच व्हरांडा उचलून 28 मजल्यांवर नेला. कंबाला हिलवरची त्यांची ‘कांचनजंगा’ इमारत 1983 साली पुरी झाली. तिच्यातली घरं पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार आहेत आणि कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या आत ओढून घेतलेल्या आहेत. ऊन-पाऊस गच्चीतच अडतो, वारा घरातून पलीकडे जातो. घरं श्रीमंतांची आहेत हे खरं, पण त्या आरपार जाण्याला पैसा लागत नाही. लागतो तो नकाशा काढतानाचा विचार. मजल्याच्या मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही अंगांना एकतोंडी घरं, हा आजचा नकाशा मला म्हणूनच चुकीचा वाटतो.

आता माझ्या आवडीची गोष्ट: दारावरचा व्हेंटिलेटर. जुन्या सरकारी बंगल्यांत, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, शाळांत दारांच्या वर जाळी असे किंवा दोरी ओढून उघडायची झडप. दार लावून खासगीपणा मिळे आणि छताजवळ साठलेली गरम हवा पुढच्या खोलीत सरके. एसी आला, थंड हवा निसटू नये म्हणून या जागा बुजल्या आणि एसीशिवाय राहणाऱ्यांच्या घरांतूनही त्या गेल्या. एसीच्या खोलीलाही झडप चालते. यंत्र चालू असताना ती बंद ठेवायची, एवढंच.

सरकत्या खिडक्यांबद्दलही लिहायलाच हवं. दोन काचांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते. बिजागरीची जवळजवळ पूर्ण. घरांतल्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’नुसार मुंबई-ठाण्यासारख्या उष्ण-दमट हवेत घराची उघडणारी जागा चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश हवी. 480 चौरस फुटांच्या घराला 80 चौरस फूट! आपल्या घरात टेप घेऊन एकदा मोजून बघा.

तर ठाण्याच्या बाईंनी असं करावं. मुख्य दाराला जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर संध्याकाळी आतलं लाकडी दार उघडं ठेवावं. आतल्या खोल्यांच्या दारांवर झडपा करून घ्याव्यात. मुख्य दारावर मात्र भोक पाडू नये, कारण आगीच्या वेळी जिन्यातला धूर तिथूनच घरात शिरेल. बाथरूम मोकळ्या डक्टकडे उघडत असेल तर तिथे एक्झॉस्ट पंखा लावून बाथरूमचं दार किलकिलं ठेवावं, म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतून हवा आपोआप ओढली जाईल. असा पंखा 30-40 वॅट खातो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे पहिल्या लेखांकात आलंच आहे.

डक्ट वरून पत्र्याने झाकलेला असेल तर पंख्याचा हा उपाय चालणार नाही. त्यासाठी सोसायटीच्या सभेत विषय मांडावा लागेल, आणि तो जरूर मांडा. सिमेंटचा हिशेब पुढच्या आठवड्यात.