पहिल्या पायरीचं काम

जुलै 2025 च्या अखेरीस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे 2 टक्के, म्हणजे 12,000 च्या वर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंतच्या कितीतरी घरांत ही बातमी आपल्या घरची म्हणून वाचली गेली. कपातीचा रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होता. मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृत्तिवासन यांनी सांगितलं की याचं कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नाही. काही लोकांची कौशल्यं आता लागणाऱ्या कामांशी जुळत नाहीत. हे स्पष्टीकरण मला खोटं वाटत नाही, पण अपुरं वाटतं. पंधरा-वीस वर्षं ज्यांनी कंपनीला हवं तेच काम केलं, त्यांची कौशल्यं एकाएकी कशी जुळेनाशी झाली, हे समजून घ्यायचं तर या धंद्याच्या तळापासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडच्या आयटी सेवांचा व्यवहार माणसांच्या तासांवर उभा राहिला. परदेशी ग्राहकाला बिल जायचं ते किती माणसांनी किती तास काम केलं याचं. म्हणून रचना पिरॅमिडसारखी: वर थोडे अनुभवी, मध्ये टीम लीड आणि प्रोजेक्ट मॅनेजर, खाली फ्रेशर्सची फौज. सांगली, नांदेड, जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून कॅम्पस मुलाखत देऊन पुण्यात आलेल्या मुलामुलींना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पगार मिळायचा. दशकभर तो आकडा फारसा हललाच नाही, तरी पालकांना ती नोकरी हवीशी वाटायची, कारण त्या पायरीवरून वर जाता यायचं. टेस्ट केस लिहायच्या, दुसऱ्याच्या जुन्या कोडमधले बग शोधायचे, डॉक्युमेंटेशन करायचं, रात्रपाळीत सपोर्टची तिकिटं बंद करायची. काम कंटाळवाणं खरं, पण एखादी बँकिंग प्रणाली महिनाअखेरीलाच का अडखळते, ग्राहक मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच, हे त्या कंटाळ्यातूनच कळत गेलं. आजचे उत्तम आर्किटेक्ट याच उमेदवारीतून तयार झाले.

यंत्रानं सर्वांत आधी हात घातला तो याच कामात. गिटहब कोपायलट 2022 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. टेस्ट केस, साधे बदल, एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत नेणं हे आता ही साधनं मिनिटांत करून देतात. मग ग्राहक साहजिकच विचारतो, तास वाचले तर बिल तेवढंच का? करार तासांऐवजी निकालावर होऊ लागले आणि पिरॅमिडचा पाया आकसू लागला. खाली माणसं कमी झाली की त्यांच्यावर देखरेख करणारी मधली फळीही जास्तीची ठरते. जुलैच्या बातमीची मुळं मला इथे दिसतात. त्याआधीच्या महिन्यात याच कंपनीनं नियम केला होता की कर्मचाऱ्यानं वर्षात किमान 225 दिवस बिलेबल असावं आणि बेंचवर, म्हणजे प्रकल्पाविना, 35 दिवसांपेक्षा जास्त राहू नये. बेंचवरचे दिवस धास्तीचे असतात, तसेच ते काहीतरी नवीन शिकायचेही असतात. ‘नवी कौशल्यं शिका’ असं सांगताना शिकायच्या वेळेलाच कात्री लावणं मला मान्य नाही.

पुण्यातून काम करणाऱ्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं या कपातीविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली. पण ज्यांच्या हाती व्यवस्थापकपद आहे ते कायद्याच्या ‘कामगार’ या व्याख्येतच बसत नाहीत, त्यामुळे मधल्या फळीला कायद्याचा आधार तोकडा पडतो.

यंत्रामुळे काम खरंच किती वाढतं? अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतल्या 5,000 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामाची नोंद तपासली. सहायक प्रणाली मिळाल्यावर काम सरासरी 14 टक्क्यांनी वाढलं, नवख्यांचं तब्बल 34 टक्क्यांनी; मुरलेल्यांना फारसा फायदा झाला नाही. कारण फार बोलकं आहे: ती प्रणाली मुरलेल्यांच्याच संभाषणांवर शिकली होती. त्यांची हातोटी यंत्रामार्फत नवख्यांपर्यंत पोचली, पण तिचा वेगळा मोबदला त्यांना कुणी दिला? उलट 2025 मध्ये ‘मेटर’ या संस्थेनं 16 अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्या ओळखीच्या प्रकल्पांवर काम दिलं, तेव्हा यंत्राच्या मदतीनं त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला. त्यांना मात्र आपण 20 टक्के जास्त वेगानं काम केलं असंच वाटत होतं. सोळा जणांवरून सगळ्या धंद्याचा निष्कर्ष काढू नये, पण नुसत्या वाटण्यावर मनुष्यबळाचे निर्णय घेणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

नवख्यांना यंत्राचा सर्वाधिक लाभ होतो, तर कंपन्यांनी नवखेच जास्त घ्यायला हवेत. कॉग्निझंटचे प्रमुख रवी कुमार हीच मांडणी करतात. 2025 मध्ये 20,000 फ्रेशर्स घेण्याचं त्यांनी जाहीर केलं होतं आणि पिरॅमिडचा पाया रुंद होईल असं त्यांचं म्हणणं आहे. अमेरिकेतले आकडे मात्र उलट दिशेला जातात. ब्रिन्यॉल्फसन यांच्याच ऑगस्ट 2025 च्या अभ्यासात, यंत्राची झळ सर्वांत जास्त लागणाऱ्या व्यवसायांत 22 ते 25 वयोगटाचा रोजगार तुलनेनं 13 टक्क्यांनी घटलेला दिसला. अनुभवी लोकांचा टिकून होता. हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. आजचे अनुभवी निवृत्त होतील तेव्हा त्यांच्या जागी बसायला कोण तयार झालेलं असेल?

घाई केलेल्यांची उदाहरणंही समोर आहेत. स्वीडनच्या क्लार्ना या वित्तसेवा कंपनीनं 2024 मध्ये सांगितलं की आपला यांत्रिक सहायक 700 माणसांचं काम करतो. वर्षभरानं तिच्याच प्रमुखांनी कबूल केलं की खर्चावर जास्त भर दिल्यानं सेवेचा दर्जा घसरला, आणि ग्राहकाला हवा तेव्हा माणूस मिळावा म्हणून पुन्हा भरती सुरू झाली. यंत्र काय करू शकतं आणि आपण त्याच्यावर काय सोपवावं, हे दोन वेगळे निर्णय आहेत.

मुंबईच्या डबिंग कलाकारांपुढे हाच प्रश्न आवाजाच्या रूपानं उभा आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये अरिजित सिंग यांना आणि 2025 मध्ये आशा भोसले यांना त्यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिलं. मालिकेतल्या दुय्यम पात्राला आवाज देणाऱ्या कलाकाराला प्रत्येक वेळी न्यायालय गाठणं परवडणार नाही. त्याचं संरक्षण करारातल्या एका ओळीवर अवलंबून असतं: रेकॉर्ड केलेला आवाज यंत्राला शिकवायला वापरता येईल की नाही? ती ओळ घालून घेणं एकट्यादुकट्याच्या हातात नसतं.

एकजुटीनं ते साधतं हे हॉलिवूडच्या पटकथाकारांनी दाखवलं. 2023 मध्ये 148 दिवस संप करून त्यांनी करारात लिहून घेतलं की लेखकावर यंत्र वापरायची सक्ती करता येणार नाही, आणि त्याच्या हाती दिलेला मजकूर यंत्रानं लिहिलेला असेल तर तसं सांगावं लागेल. अशा वाटाघाटींची परंपरा आपल्याकडेही आहे. 1983 मध्ये बँक कर्मचारी संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्या आणि पुढच्या करारांतून यंत्रं किती आणि कुठे बसवायची याच्या मर्यादा ठरल्या, ती चालवणाऱ्यांना विशेष भत्ता मिळाला. या संघटनांना प्रगतीविरोधी म्हणून हिणवलं गेलं. माझ्या मते त्यांच्यामुळेच खातेवह्या लिहिणाऱ्या कारकुनांना संगणकापुढे बसायला उसंत मिळाली.

आज आयटीत वाटाघाटींचं तसं टेबलच नाही, आणि ते मांडायला हवं. त्यावर पगार आणि नोटिशीच्या मुदतीइतकाच शिकण्याच्या वेळेचा मुद्दा असावा. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. त्याच्या सध्याच्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के उमेदवार घ्यायचे असतात. त्या उमेदवारानं यंत्राचा कोड तपासण्याआधी स्वतः कोड लिहून, चुकवून, दुरुस्त करून पाहावा, यासाठी प्रकल्पात राखून ठेवलेले तास हवेत. शिकवणाऱ्या ज्येष्ठाचे तासही त्याच्या बिलेबल दिवसांत धरले जावेत. यंत्रानं वाचवलेल्या तासांतला एक हिस्सा या कामासाठी बाजूला काढायचा, एवढंच एक कलम आधी मागून पाहावं.