रोज एक चौकोन

स्वेटर, टोपडी विणून उरलेली लोकर घरोघरी पिशवीत पडून असते. वस्तीतल्या आम्ही काही जणींनी त्यातून क्रोशाचे पांघरूण करायला घेतले. सारख्या जाडीची लोकर निवडली. 10 सेंटिमीटरचा चौकोन, रोज एकच. आडवे 12, उभे 15, असे 180 चौकोन जोडले की शाळकरी मुलाला पुरते. जूनमध्ये सुरुवात केली तर थंडीपर्यंत होते.

पण आधी आम्ही चढाओढीने दोन-दोन तास विणत बसलो. धुणीभांडी करून दमलेली मनगटे ठणकू लागली. आता वीस मिनिटांनी सुई खाली ठेवतो, बोटांची उघडझाप करतो, मान वर करून लांब पाहतो. रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, हातातून भांडे निसटत असेल, तर विणणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. स्वस्त लोकर बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. पेटली तर वितळून कातडीला चिकटते. एका खोलीच्या घरात हे पांघरूण चुलीपासून, स्टोव्हपासून लांबच ठेवा.

पांघरूण महिनाभर उशिरा झाले तरी चालेल. हात मात्र जन्मभर पुरवायचे आहेत.