अक्कलहुशारीने लिहिलेला कागद

मृत्युपत्राचा मसुदा करायला बसलं की बराच वेळ मरणाचा विषयच निघत नाही. टेबलावर सातबारा येतो, फ्लॅटचं इंडेक्स-टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पासबुकं आणि विम्याच्या पॉलिसी येतात. वकिलाचे प्रश्न साधे असतात. गट नंबर कोणता? पूर्वेला कोणाची हद्द? वडिलांची वारस नोंद झाली का? या शेवटच्या प्रश्नाशी काम अनेकदा अडतं. वडिलांना जाऊन वीस वर्षं झालेली असतात आणि सातबाऱ्यावर खातेदार म्हणून अजून तेच असतात. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला राज्य सरकारला 1 एप्रिल 2025 पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर काढावी लागली, यावरून हा अनुशेष किती पसरला आहे ते कळतं. बँकांतही तेच. दहा वर्षं कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ज्या निधीत जातात, त्यात मार्च 2024 अखेर 78,213 कोटी रुपये होते. हा सगळाच पैसा मृतांचा नाही. पण घरात कोणाला माहीत नसलेली खाती त्यात नक्कीच आहेत.

तरी लोक म्हणतात, इनमीन दोन खोल्या आणि थोडी एफडी, एवढ्यासाठी मृत्युपत्र कशाला? माझं म्हणणं असं की, ही गरज मालमत्तेच्या आकारावर ठरत नाही. तुमचं कुटुंब कायद्याच्या डोळ्यांसमोरच्या कुटुंबाशी किती जुळतं, यावर ती ठरते. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. आई त्यात आहे हे अनेकांच्या गावीही नसतं, आणि वडील पहिल्या वर्गात नाहीत हेही. बाईचा हिशेब वेगळा आहे. तिला मूल नसेल आणि नवरा हयात नसेल, तर तिची स्वकष्टाची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्या मागे. याचा अर्थ काय होतो, ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2009च्या एका निकालात दिसतं. 1955 मध्ये लग्न झालेली एक मुलगी तीन महिन्यांत विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी शिकून तिने नोकरी केली, बँकेत आणि प्रॉव्हिडंट फंडात पैसा साठवला आणि 1996 मध्ये ती मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईने वारसा मागितला. सगळा पैसा मिळाला नणंदेच्या मुलांना, कारण केवळ सहानुभूतीवर हक्क ठरवता येत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याच्या शब्दांत निकाल बसतो. तो वाचताना मला अजूनही संताप येतो. तिने स्वतः सही केलेला, दोन साक्षीदारांचा एक कागद हे सगळं बदलू शकला असता.

काळ अस्थिर असतो तेव्हा आपलं कुटुंब आणि कायद्याचं कुटुंब यांच्यातली ही फट रुंदावते. कोविडमध्ये एकट्या महाराष्ट्रात सुमारे दीड लाख मृत्यूंची नोंद झाली, आणि काही घरांत काही दिवसांच्या अंतराने नवराबायको दोघं गेली. दोघं एकाच अपघातात गेली आणि आधी कोण हे कळलं नाही, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 21 वयाने लहान असलेली व्यक्ती मागे राहिली असं मानतं. बहुतेक जोडप्यांत ती बायको असते. मूलबाळ नसेल, तर या एका गृहीतकावर घराची वाट ठरू शकते. म्हणून ‘तो किंवा ती माझ्याआधी गेल्यास’ हे वाक्य मसुद्यात आग्रहाने हवं.

नॉमिनी लावलाय की, हे उत्तर सर्रास मिळतं. पण नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा माणूस. ते त्याचेच होतात असं नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यानुसारही गृहनिर्माण सोसायटी नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते. मग आत्ताच बक्षीसपत्र करून मुलांच्या नावावर करून टाकावं का? मुद्रांक शुल्क नाममात्र, काम झटपट, हे खरं. पण दिलेलं घर परत मिळवणं फार कठीण असतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्याचा आधार आहे, तरी सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात नसेल तर झगडा लांबतो. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही फिरवता येतं. मृत्युपत्रालाही कोर्टात आव्हान देतात, हा आक्षेप मात्र वजनाचा आहे आणि त्याचं उत्तर कागद करण्याच्या पद्धतीत आहे. (मृत्युपत्राची मुभाही सगळीकडे सारखी नाही: वंशज असतील तर गोव्यात आपल्या वाट्याचा अर्धाच भाग मृत्युपत्राने देता येतो.)

स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकासमोर फोटो-अंगठ्यासह केलेली नोंदणी पुढे उपयोगी पडते. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द प्रत्येक मसुद्यात असतात. वय झालेल्या माणसाच्या बाबतीत त्यांना त्याच दिवशीच्या डॉक्टरी दाखल्याची जोड हवी. साक्षीदार घरचे लाभार्थी नसावेत आणि वयाने तरुण असावेत, कारण मृत्युपत्र सिद्ध करताना हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. मुलीला कमी किंवा एकाला जास्त दिलं असेल तर त्याचं कारण लिहावं. कारण न दिलेला वाटाच संशयाला जागा देतो. शेवटी ‘यात न लिहिलेली बाकी सर्व मिळकत’ कोणाला, हेही लिहावं. मूळ प्रत कुठे आहे ते एका तरी माणसाला ठाऊक हवं. एकट्याच्या नावावरच्या, नॉमिनी नसलेल्या लॉकरमध्ये ती ठेवली, तर तो लॉकर उघडायलाच आधी वारसांचे कागद जमवावे लागतात.