सावरगावचे उस्ताद

आम्ही ग्वाल्हेरच्या ज्या भागात राहतो त्याचे नाव लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली तेथे तळ ठोकला आणि तळाचे शहर झाले. नाव राहिले छावणीचे, पण आमच्या घरी फौजेचा संबंध एवढाच. वडील दरबारच्या अखेरच्या वर्षांत, अगदी विशीत, गवयांच्या यादीवर चढले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. 'उस्ताद' हा शब्द मी लहानपणापासून ऐकला तो गाण्यापुरता, आणि तो उच्चारताना वडील कानाच्या पाळीला हात लावीत.

तोच शब्द एका निवृत्त हवालदाराला लावलेला ऐकला, तो सावरगावला. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव. पूर्वी हा सारा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात होता. २०२३ पासून पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा झाला. मध्यप्रदेशात असूनही मराठी घराघरात आहे, आणि बोलीत वऱ्हाडची गोडी. माझी थोरली बहीण तेथे संत्रेवाल्यांच्या घरी दिली आहे. गेल्या पोळ्याला तिने मुद्दाम बोलावून घेतले. पाहुणचार हे निमित्त. खरे काम वेगळे होते.

भाचा विशीतला. फौजेत जायचे हा एकच ध्यास. अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला होता आणि मैदानी चाचणीला चार आठवडे उरले होते. वयाच्या हिशेबाने त्याची ही शेवटची संधी. त्या चाचणीत १६०० मीटर धावायचे असते. साडेपाच मिनिटांच्या आत पोहोचणाऱ्याला पूर्ण ६० गुण. मग दांडीला लटकून दहा वेळा हनुवटी वर न्यायची, त्याचे ४० गुण. शिवाय नऊ फुटांची चर ओलांडायची आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळून चालायचे. भाचा साडेपाच मिनिटांच्या अगदी जवळ आला होता, आणि नेमके तेव्हाच त्याच्या उस्तादांनी त्याचे धावणे बंद केले. उजव्या पायाची नडगी दुखत होती. फोटो काढला, त्यात काही निघाले नाही. तरी उस्ताद ऐकेनात. "भाऊ, तू मास्तर आहेस, तुझं ऐकतील. एवढं त्यांना सांग," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मी मैदानावर गेलो. तीसेक मुले ओळीने बसली होती आणि प्रत्येकाने दोन बोटे स्वतःच्या मनगटावर ठेवली होती. उस्ताद घड्याळ पाहत होते. "बस," म्हणताच प्रत्येकाने आकडा सांगितला आणि तो वहीत चढला. सकाळी उठल्याबरोबरची नाडी, रोज. एरवी ५६ पडणारी नाडी एखाद्याची ६८ वर गेली, तर त्या दिवशी त्याला पळायला नाही. शरीर कालचेच देणे फेडीत आहे असे समजायचे. मी पंचवीस वर्षे गळे तालीम करतो. पण विद्यार्थ्याचा गळा आज थकलेला आहे की नाही, हे मी कधी वहीत मांडले नव्हते.

पलटणीत कवायत आणि कसरत शिकवणाऱ्याला जवान 'उस्ताद'च म्हणतात, हे मला तेव्हा कळले. हे गृहस्थ चोवीस वर्षे नोकरी करून आले. पुण्याला लष्कराची शारीरिक शिक्षणाची संस्था आहे, तेथे शिकले आणि पुढे पलटणीतल्या माणसांची ताकद, दम आणि दुखणी हेच त्यांचे काम झाले. बंदूक आणि बोजा घेऊन पाच किलोमीटर धावणे, दोरावर चढणे, या चाचण्या जवानाला वारंवार द्याव्या लागतात; त्यांत माणूस मागे पडला की का पडला हे उस्तादाने सांगायचे. आता गावच्या मुलांकडून एक पैसा घेत नाहीत. संत्र्यांच्या दिवसांत कोणी टोपली आणून ठेवतो, तेवढेच.

मी विषय काढला. ते हसले. "मास्तर, पोट्टा सहा हप्ते पळणार नाही जी."

"पण फोटो तर साफ आहे."

त्यांनी भाच्याला बोलावले आणि नडगीवर अंगठा फिरवत आणला. एका जागी, रुपयाएवढ्या जागी, मुलाने ओठ दाबले. मग एका पायावर उडी मारायला सांगितले. त्याने मारली आणि डोळ्यांत पाणी आले. "मांसाचं दुखणं पसरलेलं असते, हाडाचं दुखणं बोट ठेवून दाखवता येते," उस्ताद म्हणाले. हाडाला सूक्ष्म भेग गेली तर पहिले दोन-तीन आठवडे फोटोत ती दिसतच नाही. यात फोटो काढणाऱ्याचा दोष नाही. हाड भरू लागले म्हणजेच खूण उमटते.

हे दुखणे फौजेच्या ओळखीचे आहे. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने १८५५ साली कूच करणाऱ्या शिपायांचे सुजलेले पाय पाहून त्याचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. कारण मोठे मजेशीर आहे. भार वाढला की हाड स्वतःला मजबूत करू लागते, पण त्यासाठी आधी जुना भाग पोखरून काढते आणि नवा मागाहून भरते. म्हणजे नव्या रंगरुटाचे हाड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दम वाढत असतानाच, पहिल्यापेक्षा कच्चे असते. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब. मुलाला फक्त छातीचे ऐकू येते.

मला वाटले होते, फौजी माणूस म्हणजे 'मरेपर्यंत पळ' म्हणणारा. उस्तादांनी उलट डोंगरातली गोष्ट सांगितली. नऊ हजार फुटांवर पोहोचलेल्या पलटणीला तेथे सहा दिवस ठेवतात. पहिले दोन दिवस कसरत नाही, पळणे नाही, नुसती विश्रांती. मग थोडे चालणे. बारा हजारांवर पुन्हा चार दिवस, पंधरा हजारांच्या वर आणखी चार. सगळ्यांत तगडा जवान घाई करतो आणि त्याच्याच फुप्फुसात पाणी होते. "तिथं थांबणं हा हुकूम असते, मास्तर. हुकूम."

आमच्या ग्वाल्हेरच्या जुन्या घरांत हस्सू खाँसाहेबांची आख्यायिका कोणाला ठाऊक नाही? बडे महंमद खाँनी भर बैठकीत 'कडक बिजली'ची तान पुन्हा घ्यायला सांगितली, खाँसाहेबांनी घेतली, बरगडीत कळ आली, तोंडातून रक्त आले, तरी तान पुरी केली आणि त्यातच ते गेले. वडील ही गोष्ट अभिमानाने सांगत. मीही ऐकून शहारत असे. ही गोष्ट ऐकूनच मी पंधराव्या वर्षी, आवाज फुटण्याच्या दिवसांत, पहाटे तीन-तीन तास खर्जापासून तारसप्तकापर्यंत ओरडत राहिलो. घसा बसला तरी वडिलांनी थांब म्हटले नाही, आणि मलाही थांबायचे नव्हते. पुढे आवाज परत आला तो शिकवण्यापुरता, मैफिलीचा गेला. वडिलांविषयी तक्रार म्हणून हे लिहीत नाही. त्यांना त्यांच्या उस्तादांनी जे सांगितले तेच त्यांनी मला सांगितले. पण त्या मैदानावर उभा असताना मला आयुष्यात प्रथमच वाटले की, त्या बैठकीत 'बस्स' म्हणणारा एक माणूस हवा होता.

तेव्हा ज्या कामासाठी आलो ते मी केलेच नाही. घरी जाऊन ताईला सांगितले की उस्ताद म्हणतात तेच बरोबर. ती काही बोलली नाही. भाकरी थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी गोटमार होती. पोळ्याच्या पाडव्याला जामच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात, हे वाचकांनी ऐकले असेलच. उस्तादांनी मुलांना दम भरला होता, "नदीवर दिसला त्याचं नाव वहीतून कट." त्या दिवशी सगळी मुले त्यांच्या अंगणात बसून पायांचे व्यायाम करीत होती, आणि नदीकडून आरडाओरड ऐकू येत होती.

माझाही तेथे थोडा उपयोग झाला, हे सांगायला हरकत नाही. भाच्याच्या एका मित्राने त्याच्या जुन्या दौडीचे चित्रण दाखवले. पावलांचा आवाज ऐकून मी सवयीने लय मोजली: मिनिटाला १५६ पावले. लांब ढांगा आणि टाच धाडकन जमिनीवर. उस्ताद चमकलेच. कवायतीत तेज चाल मिनिटाला १२० पावलांची आणि दौड चाल १८० ची, हे त्यांच्या अंगात मुरलेले. पण मुलांच्या मोकळ्या धावण्याची लय त्यांनी कानाने मोजली नव्हती. पाऊल आखूड आणि लय जलद केली की दर पावलाला नडगीवर पडणारा भार कमी होतो. मग आठवडाभर मी रोज पहाटे मैदानाच्या कडेला उभा राहून टाळ्यांनी १७० ची लय दिली, आणि मुले त्या लयीत डांबर सोडून मातीवरून पळाली. भाचा माझ्याजवळ दगडावर बसून मोजत होता.

मी परत आल्यावर दुसरा फोटो निघाला. त्यात भेग होती. चाचणीचा दिवस आला तेव्हा भाचा चालत होता, पळत नव्हता. त्याच्याबरोबरच्या मुलांना मैदानावर सोडायला तोही गेला. दिवाळीनंतर उस्तादांनी त्याला पुन्हा पळवले. फेब्रुवारीत सावरगावच्या मैदानावर त्याने १६०० मीटर पाच मिनिटे सव्वीस सेकंदांत काढले. ते गुण कोणत्याच कागदावर चढणार नव्हते. तरी उस्तादांनी वहीत तारीख घालून लिहून ठेवले.

नाडीची वही आता त्याच्याकडे असते. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे ५ महार पलटणीतून, सियाचीनच्या बर्फातून, स्टीपलचेसपर्यंत कसा पोहोचला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक कसे आणले, हे तो लहान मुलांना सांगतो, आणि साबळे कसा धावतो याहून त्याला कोणी कसे घडवले याची चौकशी जास्त करतो. आमच्या ग्वाल्हेरला १९५७ पासून लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था आहे. तिच्या प्रवेशाचे कागद मी पाठवले आहेत. तो यायचे म्हणतो. ताई अजून माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही. फोन मुलाच्या हाती देते.

परवा त्याने विचारले, "मामा, तुमच्या विद्यार्थ्यांची सकाळची नाडी किती पडते?" मी अजून मोजलेली नाही.