क म्हणजे १७९

नारायण पेठेतल्या एका जुन्या छापखान्याच्या माळ्यावर अजून डॉसवर मराठी टाइप होतं, असं कानावर आलं आणि राहवलं नाही. जिना चढताच व्हिनेगरचा वास आला. मदरबोर्डावरची बॅटरी गळून हिरवट खार चढला होता आणि ताई तो व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या दातांच्या ब्रशने घासत होत्या. हलक्या हाताने, एकेक टाका जपत.

ताई निवृत्त टंकलेखिका. बोर्ड वाळला, पडद्यावर भारतीय लिप्या उमटवणारं जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये बसलं, मशीन सुरू झालं. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं हे तंत्र पुण्याच्या सी-डॅकने घरोघरच्या नाही, पण कचेऱ्याकचेऱ्यांच्या टेबलांवर नेलं. ताईंची बोटं इनस्क्रिप्ट कळफलकावर धावू लागली. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं. हीच मांडणी आजच्या संगणकातही आहे.

"क म्हणजे १७९," त्या म्हणाल्या. भारतीय लिप्यांच्या संगणकीय क्रमांकांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात क चा क्रमांक १७९. साठवलं जातं ते अक्षर, त्याचा आकार नव्हे. म्हणून 'कि' लिहिलं तरी आधी १७९, मग वेलांटी. पुढे डीटीपीत ज्या त्या फाँटाने आपापले क्रमांक चालवले. फाँट हरवला की पानंच्या पानं निरर्थक चिन्हं होऊन बसली. किती दिवाळी अंकांचा मजकूर असा गेला असेल, या विचाराने आजही जीव तुटतो.

फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी ताईंनी पेनड्राइव्ह घेणारा इम्युलेटर बसवला आहे. लिहिलेली साधी मजकूर-फाइल त्यावरून लॅपटॉपवर येते. विंडोजमध्ये इस्की देवनागरीला ५७००२ हा कोडपेज क्रमांक आहे. तो दिला की १७९ चा २३२५ होतो, म्हणजे युनिकोडमधला क. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली, त्यामुळे अक्षराला अक्षर जुळतं. एवढं होऊनही ताई मजकूर डोळ्यांखालून घालतातच. 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' झालेलं त्यांना खपत नाही. त्या वाचत होत्या तेव्हाही हाताला व्हिनेगरचा वास होता.

या कामाला जुन्याचा हौशी नाद म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. इथे मराठी मजकूर वाचतो आहे.

तुमच्या कपाटात त्या काळातल्या फ्लॉप्या असतील, तर पावसाळ्याआधी त्यांची प्रत काढून घ्या. एकदा बुरशी लागली की त्या वाचणं फार अवघड होतं.