मुन्शी घाटावर ताळेबंद

पहाटे ५. आई स्नानाला उतरली आहे. मी पायऱ्यांवर कुल्हडमधला चहा घेत बसलोय. डोळे उघडताच सर्व्हर शाबूत आहेत का ते पाहायचं, ही तंत्रज्ञान विभाग सांभाळणाऱ्यांची सवय. ती मोडण्यासाठीच सुट्टी घेतली. काशीतला हा घाट बांधला नागपूर संस्थानातले मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी. उत्तरेला लगेच अहिल्याबाई घाट. दुसऱ्याची दौलत राखणाऱ्यांच्या शेजारी बसून स्वतंत्र संचालकपदाचा अभ्यास करायला मजा येते.

सकाळी ८. कचोरी-जिलेबी झाली. आता कंपनी कायदा, २०१३. सूचिबद्ध कंपनीच्या मंडळावर किमान एकतृतीयांश स्वतंत्र संचालक लागतात. त्यांची नोंदणी मानेसरच्या कॉर्पोरेट व्यवहार संस्थेच्या डेटाबँकेत होते आणि सूट नसलेल्यांना ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. ५० टक्क्यांना उत्तीर्ण! परीक्षेची भीती नाही. कलम १४९(१२) मात्र दोनदा वाचलं. मंडळापुढे आलेला गैरप्रकार माहीत असून संमती दिली, किंवा पुरेशी दक्षता घेतली नाही, तर स्वतंत्र संचालकही जबाबदार धरला जातो. म्हणजे विरोध असेल तर तो इतिवृत्तात यायलाच हवा.

सकाळी १०.३०. एका कंपनीचा वार्षिक अहवाल. आमच्यासारख्यांचा खरा कच्चा दुवा हाच. नफ्याचं पान सोडून आधी रोख प्रवाह पाहतो, मग लेखापरीक्षकांचा अहवाल, मग संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार. ‘सत्यम’ कंपनीचा घोटाळा आठवतो. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की, पुस्तकातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. त्या मंडळावर पुण्यात जन्मलेले, पेंटियम चिपसाठी जगभर नावाजलेले विनोद धाम होते; डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. तांत्रिक बुद्धी कितीही तल्लख असो, बँकेची शिल्लक खरी आहे की नाही हे तिला आपोआप कळत नाही.

दुपारी २. निवृत्त बँकर असलेल्या, काही मंडळांवर बसणाऱ्या एका बाईंशी फोनवर लुटुपुटुची बैठक. विषय सायबर हल्ला. सेबीच्या नियमांनुसार जोखीम व्यवस्थापन समितीला हा विषय पाहावाच लागतो. मी फायरवॉलपासून सुरुवात केली.

“अहो, तुम्ही उत्तरं का देताय? ते काम सीटीओचं. तुम्ही विचारा.”

मग विचारलं: बॅकअपवरून यंत्रणा खरोखर उभी करून शेवटचं कधी पाहिलं? किती तास लागले? तपासलं कुणी, ज्यांनी बॅकअप घेतला त्यांनीच?

“आता कसं!”

दुपारी ४. कुठे बसता येईल याची यादी. आमच्या कंपनीशी मोठे व्यवहार असलेल्या दोन कंपन्या खोडल्या. पैशाचे संबंध असले की स्वातंत्र्य कसलं? स्टार्टअपच्या सवयीने शेअर मिळतील अशी आशा असेल तर तीही सोडावी: स्वतंत्र संचालकाला स्टॉक ऑप्शन घेता येत नाहीत, आणि बैठकभत्ता एका बैठकीला जास्तीत जास्त १ लाख.

संध्याकाळी ७. दशाश्वमेधच्या आरतीला आईला घेऊन जायचंय, म्हणून एवढंच. तुम्हाला स्वतंत्र संचालक होण्याची विचारणा झाली तर होकार कळवण्याआधी मुदतीपूर्वी मंडळ सोडून गेलेल्या संचालकांची नावं काढा. सूचिबद्ध कंपनीला त्यांच्या राजीनाम्याची कारणं शेअर बाजाराला कळवावी लागतात. ती वाचा, आणि त्यांच्यापैकी एकाला तरी फोन करा.