कथेतून निबंधाकडे (७) : जे घडलंच नाही, त्याचा पुरावा

या आठवड्यात समारोपाच्या परिच्छेदावर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मागचा अकालबोधनावरचा, म्हणजे रामाने अवेळी मांडलेल्या देवीच्या पूजेवरचा, लेख वाचून एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय की, पुराणकथा जर घडलेलीच नसते, तर सातवीतल्या मुलाने तिच्यावरच्या निबंधात पुरावा म्हणून द्यायचं तरी काय? मुलं निबंधात नुसती गोष्ट सांगून मोकळी होतात, याचं मूळ मला नेमकं याच प्रश्नात दिसतं. म्हणून आजचा सगळा हप्ता त्यालाच.

गोष्ट घडली, याचा पुरावा कुणीच मागत नाही. गोष्टीबद्दल आपण जे विधान करतो, त्याचा पुरावा लागतो. 'रामाने देवीला १०८ निळी कमळं वाहायचं ठरवलं' ही झाली गोष्ट. 'बंगाली कवी कृत्तिवासांचा राम बळावर जिंकत नाही, त्याला आधी देवीचा कौल मिळवावा लागतो' हे झालं विधान. देवीने लपवलेलं एक कमळ आणि त्याच्या बदली स्वतःचा डोळा काढून द्यायला निघालेला राम, हा त्याचा पुरावा. तो कृत्तिवासी रामायणाच्या पानावरच आहे, बाहेर शोधायला जावं लागत नाही.

हे मुलांच्या अंगवळणी पडावं म्हणून इथल्या, कोलकात्यातल्या, मराठी मुलांना मी गंगारामाचं 'महाराष्ट्रपुराण' देतो. १७५१च्या सुमाराचं हे बंगाली काव्य. नाव महाराष्ट्राचं, पण विषय नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर केलेल्या स्वाऱ्यांचा. आमची मुलं बंगाली शेजारात वाढतात. बर्गी, म्हणजे मराठा घोडेस्वार, आले असं सांगून बाळाला निजवणारं अंगाईगीत त्यांनी शेजारच्या आजीकडून ऐकलेलं असतं. बागबाजारात आजही 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. १७४२ साली इंग्रजांनी आणि शहरवासीयांनी मराठ्यांच्या धास्तीने जो खंदक खणायला घेतला, त्याची ती खूण. खंदक अर्धवट राहिला, फौज कोलकात्यापर्यंत आलीच नाही, आणि पुढे त्याच्या बऱ्याचशा भागावर सर्क्युलर रोड झाला.

गंगाराम मात्र सुरुवात खंदकापासूनही करत नाही आणि चौथाईपासूनही नाही. पृथ्वीला पापाचा भार सोसवेना, ती ब्रह्मदेवाकडे गेली, ब्रह्मदेव शंकराकडे गेले आणि शंकराने नंदीला सांगितलं की दक्षिणेत शाहू राजा आहे, त्याच्या ठायी संचार कर. मग चौथाईची मागणी, मग भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांची फौज. पुढे गावं जळतात, माणसं पळतात. कोण काय घेऊन पळालं, हेसुद्धा गंगाराम सांगतो: पंडित पोथ्यांचे भारे घेऊन, सोनार तराजू-वजनं घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन. काटव्याजवळ दाईंहाटला भास्करपंत दुर्गापूजा मांडतात आणि ऐन नवमीला बंगालचा नवाब अलीवर्दी खान छापा घालतो. शेवटी ब्राह्मण, वैष्णव आणि बायका यांच्या हत्येने देवी संतापते, आपल्या भैरवींना नवाबाच्या पाठीशी उभं राहायला सांगते, आणि मानकरा इथे नवाबाशी बोलणी करायला गेलेले भास्करपंत मारले जातात. ही हत्या ३१ मार्च १७४४ची, इतिहासातली. दाईंहाटची पूजाही इतिहासातली. नंदी मात्र पुराणातला. आणि निबंधात तिन्हींनाही पुरावा म्हणून सारखाच मान आहे, कारण प्रश्न एकच आहे: गंगाराम हे असं का सांगतो?

वर्गात मी कागदाला उभी घडी घालायला लावतो. डावीकडे 'गोष्टीत काय आहे', उजवीकडे 'त्यावरून मी काय म्हणतो'. डावी बाजू भराभर भरते. उजवीकडे पेन्सिल अडते. आठवीतल्या एका मुलीने पहिल्यांदा लिहिलं होतं, "भास्करपंत वाईट वागले म्हणून देवीला राग आला." मी म्हटलं, हे तर डावीकडचंच वाक्य, जागा चुकून उजवीकडे आलंय. तिने परत वाचलं आणि म्हणाली, "पण सर, पाठवलं तर शंकरानेच होतं. मग देवीने त्यांना का मारवलं?"

तिथे मी थांबलो आणि सगळ्या वर्गासाठी तिला तोच प्रश्न फळ्यावर लिहायला सांगितला. गोष्टीत जिथे दोन भाग नीट जुळत नाहीत, तो सांधा. निबंध तिथून सुरू होतो. अर्ध्या तासाने तिचं वाक्य झालं: "गंगारामाला दोन गोष्टींची कारणं हवी होती, संकट का आलं आणि ते का टळलं, म्हणून त्याने दोन देव आणले." हे विधान एकदा हाती आलं की परिच्छेद कसे पाडू, असं मुलं विचारत नाहीत. पहिल्यात शंकर आणि लोकांचं पाप, दुसऱ्यात देवी आणि फौजेचा अत्याचार, आणि दोन्हींच्या मध्ये दाईंहाटची मोडलेली पूजा. त्या मुलीने तराजू घेऊन पळणारा सोनार दुसऱ्या परिच्छेदात घातला. तो पापी असल्याचं गंगाराम कुठेच म्हणत नाही, म्हणजे शंकराचं कारण त्याला लागू पडत नाही, असं तिचं म्हणणं. इतका नेमका पुरावा मी मोठ्यांच्या लिखाणातही क्वचित पाहतो.

प्रस्तावना-मुद्दे-समारोप असा साचा आधी देऊन मग त्यात कथा भरायला सांगणं मला म्हणूनच पटत नाही. मुलं साचा भरतात, पण भरतात डाव्या रकान्यातल्या वाक्यांनी.

एक अवघड प्रसंग दर वर्षी येतो. कुणीतरी विचारतंच, "म्हणजे आपले लोक वाईट होते का?" हा प्रश्न टाळू नये. मुलांना सांगावं की त्या स्वाऱ्यांत लोकांचे हाल झाले, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण निबंधात निकाल द्यायचा नाही. ज्या कवीच्या मुलखात हे झालं, त्याने त्याचा अर्थ कसा लावला, ते दाखवायचं. यातला फरक बारा वर्षांच्या मुलाला कळतो, मात्र शांतपणे बसून बोलावं लागतं आणि एक तास त्यात जातो. तो जाऊ द्यावा.

समारोपाकडे वळण्याआधी ज्यांना वर्गात करून पाहायचंय, त्यांनी मनसामंगल हे नागदेवी मनसेचं बंगाली काव्य घ्यावं. मनसेला पूजायचं नाकारणारा व्यापारी चांद सौदागर अखेर मनसादेवीला फूल वाहतो, पण डाव्या हाताने आणि तोंड फिरवून. हे वाक्य डाव्या रकान्यात लिहून द्या, उजवा मोकळा ठेवा. मुलं काय लिहितात ते मला कळवा. पुढच्या आठवड्यात समारोप त्यातूनच बांधू.